वाणात गेलेली माझी स्टिव्हिया

आधीच सांगते, मी अजून चिडलेली आहे. आईवर, पप्पांवर, खालच्या काकांवर, आणि थोडी स्वतःवर पण. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांची बिलं टाईप करून बोटं दुखतात तरी हे लिहितेय, कारण कुणाला तोंडी सांगायला गेलं की समोरचा मधेच हसतो. यात हसण्यासारखं खूप आहे, मान्य. पण पप्पांच्या पायाचं बोट त्यात आहे, आणि त्यावर मला हसू येत नाही.

आम्ही सातपूरला राहतो, कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. पप्पा कंपनीत लेथवर. आठ तास उभं राहायचं काम. मागच्या पावसाळ्यात त्यांना शुगर निघाली. निघाली म्हणजे काय, सारखी तहान, सारखं बाथरूम, मीच ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले साखर पूर्ण बंद, गोळ्या वेळेवर, महिन्याने दाखवा. पप्पा मान हलवत होते. घरी आल्यावर म्हणाले, "सगळं सोडतो. भात सोडतो, बटाटा सोडतो. पण फिका चहा मला जात नाही."

मी त्या गोड गोळ्या आणल्या, पांढऱ्या, छोट्या डबीतल्या. पप्पांनी एक घोट घेतला आणि कप ठेवला. "ही औषधाची साखर आहे. झाडाची काही असेल तर आण, झाडाचं मी पितो."

ते आपलं बोलायचं म्हणून बोलले. मी ते धरून बसले. कारण झाडाची असते. स्टिव्हिया. पान चावलं की जीभ चक्क गोड होते, आणि त्याने शुगर वाढत नाही. (शुगर बरी पण होत नाही. आमच्या कॉलनीत हे एक वेगळंच आहे, कुणी काही पान दाखवलं की लगेच "याने शुगर मुळापासून जाते". नाही जात. साखरेच्या जागी घालायचं, बास. हे मी किती जणांना सांगितलंय त्याची गणती नाही.)

पेठ रोडच्या एका नर्सरीतून सहा रोपं आणली. त्यातली चार पहिल्या महिन्यात मेली, कारण मी ऑफिसला गेले की आई प्रेमाने पाणी घालायची. स्टिव्हियाला पाणी जास्त झालं की मुळं कुजतात. वरून झाड हिरवं दिसतं आणि हात लावला की अख्खं वर येतं, बोळा झालेल्या मुळांसकट. मी आईला म्हटलं, "आई, हात लावायचा नाही. वरची माती बोट घालून बघायची, कोरडी असली तरच पाणी." आई म्हणाली, "तेवीस वर्षं तुला वाढवलं तेव्हा बोट घालून बघितलं नव्हतं."

उरलेल्या दोन झाडांच्या फांद्या कापून मी कुंड्यांत लावल्या. कुंड्या म्हणजे रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, खाली खिळ्याने भोकं पाडून. फांदी लावायची, खालची पानं काढायची, सावलीत ठेवायची, आणि मग रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी उकिडवं बसून बघायचं की नवीन पान फुटलं का. शेंडे खुडायचे म्हणजे झाड बाजूने फुटतं. दिवाळीपर्यंत वीस डबे झाले होते. वीस. गच्चीवर टाकीच्या बाजूला दोन ओळी. मी त्यांचे इतके फोटो काढलेत की मैत्रिणींनी मला ग्रुपवर सांगितलं की आता दुसरं काहीतरी पाठव.

आणि या सगळ्या काळात पप्पा घरी बिनसाखरेचा चहा पीत होते. तोंड वाकडं करून, एक-एक घोट, आणि वर म्हणायचे, "होऊ दे तुझी पानं तयार. तोवर काढतो कळ." मला इतकं वाईट वाटायचं. मी स्वतः घरात साखरेचा चहा बंद केला, त्यांना एकट्याला वाटू नये म्हणून. हे लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या सुमाराला कंपनीचे नवीन सेफ्टी शूज मिळाले आणि डाव्या पायाच्या करंगळीला बूट लागला. साधं शेंगदाण्याएवढं घासलेलं. ते भरेना. दिवाळी झाली, भरेना. डिसेंबरात त्याचा रंग बदलला. मी रोज संध्याकाळी ड्रेसिंग करायचे, पप्पा पेपर वाचत पाय पुढे करायचे. डॉक्टर दर वेळी रिपोर्ट बघायचे आणि गोळी वाढवायचे. शेवटी म्हणाले, शुगर अशीच राहिली तर बोट ठेवता येणार नाही, काढायला लागेल. पप्पा बाहेर येऊन म्हणाले, "घाबरवतात उगाच."

मी घाबरले होते. मला एकच वाटत होतं, की ते कुठेतरी चोरून गोड खात असणार, कारण फिक्या चहाने माणूस किती दिवस काढेल, आणि माझी पानं आली की ते बंद होईल. जानेवारीत थंडीत स्टिव्हियाला कळ्या धरायला लागतात. कळी दिसली की फूल उमलायच्या आत कापणी करायची, कारण फूल आलं की पान कडवट होतं. मी कळ्या बघितल्या सोमवारी. वीतभर बुंधा ठेवून वरचं सगळं कापायचं, सावलीत ओढणीवर पसरायचं, दोन दिवसांत कुरकुरीत. रविवार ठरवला, सुट्टी म्हणून. कात्रीला धार पण लावून आणली.

शुक्रवारी आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

मी ऑफिसमधून आले तेव्हा सगळं आटोपलं होतं, घरात अत्तराचा वास, सतरंजीवर तिळगुळाचा चुरा. आई खूश होती, नाकातली नथ अजून काढली नव्हती. मी सवयीने गच्चीवर गेले. गच्चीवर मातीचे गोल. डबे होते तिथे ओल्या मातीचे गोल उमटलेले, दोन ओळी, आणि टाकीला टेकून फक्त दोन डबे, त्यातलं एक झाड तर मरतुकडं.

मी खाली आले. "आई, झाडं कुठे आहेत?"

"वाण दिलं," आई म्हणाली. "अगं काय खूश झाल्या सगळ्या. दरवर्षी चाळण्या न् डब्या, यंदा म्हटलं काहीतरी जिवंत लुटू. प्रत्येकीला सांगितलं, माझ्या मुलीने वाढवलंय."

"अठरा?"

"अठराच बायका आल्या. दोन ठेवली ना तुला."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आवाज खालपर्यंत गेला असणार. मी म्हटलं ती पप्पांची होती. परवा कापायची होती. चार महिने. मग आईचा पण आवाज चढला. "तूच म्हणालीस ना, फांदी लावली की येतं, कितीही करता येतात. मला काय माहीत तुझं आजच अडलंय. सांगितलंस का कधी परवा कापायचंय ते? झाडांना सांगतेस, मला नाही सांगत."

हे खरं होतं, आणि त्यामुळे मी अजून चिडले.

"मग परत आण."

"वाण परत मागतात का कधी? वेड लागलंय तुला. माझं तोंड दाखवायला जागा राहील का?"

शनिवारी सकाळी ऑफिसला सुट्टी टाकली, कात्री घेतली, स्टीलचा मोठा पोळ्यांचा डबा घेतला आणि निघाले. आई दारात आडवी. मी म्हटलं, "झाड नाही मागत. झाड त्यांचं. पानं माझी."

पहिल्याच घरात झाड देवघरात. समोर निरांजन, बुंध्याला हळदीकुंकू, पानाला अक्षता चिकटलेल्या. त्या काकू म्हणाल्या, "गोड तुळसच ना गं ती, म्हणून इथे ठेवली." मी सांगितलं की तुळशीचा काही संबंध नाही, आणि मला पानं कापायची आहेत. "आज? शनिवारी? एकादशी आहे बहुतेक." एकादशी नव्हती. मी कॅलेंडर काढून दाखवलं. मग म्हणाल्या, "पण कशाला पाहिजेत?" आणि मी म्हटलं, "पप्पांना शुगर आहे, पायाला जखम झालीय, त्यांच्यासाठी वाढवली होती." त्या लगेच विरघळल्या. "घे बाई, घे. आधी सांगायचं ना."

हे चाललं. म्हणजे कारण सांगितलं की चालायचं. म्हणून मी प्रत्येक दारात तेच सांगत गेले. पप्पांना शुगर, पायाला जखम. एका घरात झाडाला रात्रीतून बादलीभर पाणी घातलेलं, डबा टबात उभा. एकीकडे नातीने निम्मी पानं खाऊन टाकलेली, "फार गोड आहे गं, चॉकलेटच," तिची आजी कौतुकाने सांगत होती. एका काकूंनी तर ते झाड शनिवारी सकाळीच त्यांच्या नाशिकरोडच्या नणंदेला वाण म्हणून दिलं होतं. चोवीस तास पण झाले नव्हते. "मग काय झालं, वाण फिरतंच," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात तिळगुळ ठेवला. "गोड बोल." मी तिळगुळ घेतला. गोड बोलले नाही.

काही झाडांना गॅलरीतल्या उन्हात एका दिवसात फुलं उमलली होती, पांढरी, बारीक, टाचणीच्या डोक्याएवढी. मी ती बघून दात आवळले आणि तरी कापली. दुपारपर्यंत डबा भरत आला. हाताला पानांचा तो गोडसर हिरवा वास, बोट चाटलं तरी गोड. राग थोडा उतरला होता, खरंच. शेवटचं घर खालचं राहिलं होतं, तळमजल्यावरचं. तिथले काका पप्पांच्याच कंपनीत सुपरवायझर. पप्पा गाडी त्यांच्याच दारात लावतात.

काकू ओट्याशी होत्या. झाड खिडकीत, नीट ठेवलेलं, पाणी बेताचं. मी कापायला घेतलं तर म्हणाल्या, "काप काप. बस मग, चहा टाकतेच आहे, तुझे पप्पा येतीलच एवढ्यात."

"पप्पा? इथे?"

"रोज येतात की. फर्स्ट शिफ्ट सुटली की हे दोघं इथेच टेकतात आधी. तुला माहीत नाही?"

पप्पांना घरी यायला उशीर होतो तो मला वाटायचं ट्रॅफिकमुळे. सातपूरच्या सर्कलला शिफ्ट सुटल्यावर जे काय होतं ते बघता अर्धा तास ट्रॅफिकचा कोणीही धरेल.

मी विचारलं, "काकू, साखर किती घालता?"

"दोन चमचे. एकदा कमी पडली तर तुझे पप्पा म्हणे, वहिनी, रेशन बंद झालं का?" आणि त्या हसल्या.

माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली. म्हणजे घरी तोंड वाकडं करून फिका चहा. माझ्या डोळ्यांत पाणी. माझा साखर सोडलेला चहा. गोळी दर महिन्याला वाढतेय. आणि इथे, आमच्या घराच्या बरोब्बर खाली, रोज दोन चमचे, आणि बशीत खारी.

मी काकूंना सांगितलं. एका दमात सगळं, शुगर, करंगळी, डॉक्टर बोट काढायचं म्हणतात ते. काकूंचा साखरेचा चमचा हवेतच राहिला. आणि तेव्हा मला कळलं की दार उघडं आहे, आणि दारात पप्पा आणि काका दोघंही उभे आहेत, एक-एक बूट काढलेला.

पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं मारतील. त्यांनी मला कधी मारलेलं नाही. काका खाली बसले, दुसरा बूट काढला, मोजा काढला, मोजा नीट घडी करून बुटात ठेवला. मग म्हणाले, "मला पण आहे."

"काय?" काकू.

"शुगर. दोन वर्षं झाली."

काकूंनी गॅस बंद केला. "मला नाही सांगितलं ते?"

"गोळ्या कंपनीत लॉकरला असतात."

"दोन वर्षं मी तुम्हाला शिरा घालतेय."

"चांगला करतेस म्हणून..."

"गप बसा."

पप्पा काकांकडे बघत होते. काका पप्पांकडे. मग पप्पा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मग तुम्ही कशाला घेत होता साखरेचा?" आणि काका म्हणाले, "तू घेतोस म्हणून. मी एकटा फिका मागू कसा? तू कंपनीत जाऊन सांगितलं असतंस, सुपरवायझर आजारी आहे." आणि पप्पा म्हणाले, "मी तर तुम्हाला कळू नये म्हणून घेत होतो. कळलं असतं तर मशीनवरून काढलं असतंत."

म्हणजे ऐका. दोन मोठी माणसं, दोघांना शुगर, दोघं चार महिने एकमेकांसमोर बसून दोन-दोन चमचे साखरेचा चहा पितायत, आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला. मैत्रिणींना सांगितलं तर त्या लोळून हसल्या. मी तिथे उभी होते डबा घेऊन, आणि मला हसायला आलं नाही, मला तो चहाचा टोप उचलून बेसिनमध्ये ओतावासा वाटला. तो काकूंनीच ओतला.

वर आल्यावर आमचं खरं भांडण झालं. पप्पा म्हणाले, "तुला गावभर सांगत फिरायची काय गरज होती? सतरा घरं. सतरा घरांत आता मी पेशंट." मी म्हटलं बोट गेल्यावर तर दिसणारच होतं सगळ्यांना. ते म्हणाले, "तुझं ऑफिस खुर्चीवर बसायचं आहे. माझं उभं राहायचं. पाय अधू आहे म्हटलं की घरी बसवतात, मी बघितलंय बसवलेले. दुपारी झाडाखाली पत्ते खेळत बसतात." त्यांचा आवाज एकदम फाटला, आणि ते गॅलरीत गेले.

मला ते समजलं. पण समजलं म्हणून राग जातो असं नाही. त्यांनी सांगायला पाहिजे होतं. आईला, मला, निदान डॉक्टरांना. मी पण दारोदार ओरडत जायच्या आधी त्यांना एकदा विचारायला पाहिजे होतं, हे मी इथे लिहितेय, त्यांना अजून बोलले नाही.

आई इतका वेळ पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बघ. मी वाण दिलं म्हणून कळलं."

मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले.

पानं सुकवली, आईच्याच जुन्या ओढणीवर, पंख्याखाली. फुललेली आणि न फुललेली आता वेगळी करता येत नव्हती, सगळी एकत्र झालेली. दोन दिवसांनी चुरली आणि चहात टाकली. पहिला घोट गोड, मग मागून कडवट, जिभेच्या मागच्या बाजूला. पप्पांनी घोट घेतला. मी वाटच बघत होते म्हणतील औषधासारखं लागतं, आणि मग मी काय बोलणार तेही तयार होतं. ते म्हणाले, "कडू आहे." मी म्हटलं, "फुलं आली होती. उशीर झाला." त्यांनी कप संपवला. दुसऱ्या दिवशी पण. खाली ते आता थांबत नाहीत, गाडी लावतात आणि वर येतात. काकांचं आणि त्यांचं कंपनीत काय बोलणं झालं मला माहीत नाही, विचारलं तर "ठीक आहे" म्हणतात. मशीनवर अजून आहेत.

काल डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट दाबून बघितलं, कडेची कातडी बघितली, रिपोर्ट उलटसुलट केला आणि नेहमीसारखं खाली बघत, लिहितानाच विचारलं, "साखर बंद आहे ना?"

दर वेळी पप्पा हो म्हणायचे. मी शेजारी बसायचे आणि मी पण मान हलवायचे, कारण मला तसंच वाटायचं. काल पप्पा थांबले. म्हणाले, "नव्हती. रोज एक कप पीत होतो, दोन चमचे घालून. आणि कंपनीत दोनदा. मागच्या शनिवारपासून बंद केली."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "आणि मी दर महिन्याला गोळी वाढवतोय."

"हो."

"कशाच्या भरवशावर वाढवली मी?"

कंपनीतले दोन कप मला पण तेव्हाच कळले. मी खुर्चीची कड धरून बसले, कारण तिथे बोलले असते तर डॉक्टरांनी मलाच बाहेर काढलं असतं. डॉक्टरांनी नवीन कागद घेतला, वर तारीख टाकली, आणि म्हणाले बोटाचं आत्ता सांगत नाही, दोन आठवडे द्या, पण हे खरे दोन आठवडे पाहिजेत. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. सकाळी काय खाता, कितीला, सोबत काय. पप्पा एक-एक सांगत गेले, शाळेत उभं केल्यासारखे, खारीपर्यंत सगळं.

पार्किंगमध्ये त्यांनी गाडी स्टँडवरून काढली, डावा पाय जपून टेकवत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चिडलीस?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "बस मागे."